भिरियाचा माणूस

लायसन्स निलंबित झाल्याचा हुकूम घेऊन शिपाई आला, तेव्हा लेखराज वरंदाणी आपल्या ऑफिसात केळं खात बसला होता. एका हातात केळं तसंच धरून त्यानं दुसऱ्या हातानं पोच दिली. शिपाई जुना, ओळखीचा. जाता जाता दारात थांबला.

"साईं, फार वाईट वाटलं हो."

लेखराजनं तोंडातला घास गिळला. "मलाही वाटेल," तो म्हणाला, "जरा वेळ लागेल."

पण त्याला वाईट वाटलंच नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढे श्रावण लागला तरी नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग ओठ आपला राहत नाही, पाणी प्यायलं तर हनुवटीवरून ओघळतं आणि पत्ता लागत नाही, तसं त्याचं झालं होतं. फक्त ओठाऐवजी अख्खा माणूस.

बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा तर कागदांवर लायसन्सवाल्या दलालाची सही लागते. गांधीधामात निम्मं गाव या ना त्या नात्यानं त्या सहीवर जगतं. लेखराजचे वडील हासाराम लाकडाच्या वखारीत मुनीम होते. फाळणीत सिंधमधून आले ते एक ट्रंक आणि भरपूर आठवणी घेऊन. त्यांच्या घरात परीक्षा देऊन स्वतःच्या नावावर लायसन्स मिळवणारा पहिला माणूस म्हणजे लेखराज. आता ती सही बंद पडली होती. पुढे चौकशी व्हायची होती. चौकशीत दोष सिद्ध झाला की लायसन्स कायमचं जाणार, नाही झाला तर परत मिळणार. साठी उलटलेल्या माणसाला तिसरी वाट नव्हती. दुसरा धंदा त्याला येत नव्हता, आणि ऑफिसातली माणसं त्याच्या तोंडाकडे बघून टिकून होती.

घडलं ते असं, की एका दुपारी गोप केवलाणी नावाचा माणूस त्याच्याकडे आला. चाळिशीचा, हसऱ्या डोळ्यांचा, शर्टाची वरची गुंडी लावलेला. म्हणाला, परदेशातून जुने कपडे मागवतो, आतापर्यंत दुसऱ्या बंदरातून माल काढायचो, आता इथून काढावा म्हणतो. लेखराजनं कागद मागायच्या आधी, सिंधी माणूस सिंधी माणसाला विचारतो ते विचारलं.

"केवलाणी म्हणजे कुठले तुम्ही?"

"अहमदाबादचे, साईं. कुबेरनगर."

"ते इकडचं झालं. मूळचे कुठले?"

"मूळचे? भिरियाचे."

लेखराजनं पेन खाली ठेवलं. "भिरियात कुठे?"

"ते मला काय माहीत, साईं? माझा बापसुद्धा इकडेच जन्मला. आजोबा सांगायचे की बाजारात बोडोचं दुकान, त्याच्या मागची गल्ली."

बोडो म्हणजे बहिरा. भिरियाच्या बाजारातला हा बहिरा मिठाईवाला लेखराजनं कधी पाहिला नव्हता. भिरिया, वडिलांचं सिंधमधलं गाव, तेच पाहिलं नव्हतं. पण हासाराम मरेपर्यंत त्याच्या गोष्टी सांगत. त्याच्याकडे माजूनची वडी मागा, तो खीरणीचं गरम दूध देणार. शेर मागा, पाव देणार. गिऱ्हाइकानं शिवी घातली तर हसून मान डोलावणार. पण कुणी उधारीवर न्यायचं म्हटलं की आठ दुकानं पलीकडून ऐकू जाणार. बापाच्या तोंडून ऐकलेलं ते नाव परक्या माणसाच्या तोंडून आलं आणि लेखराजच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं गोपला ऑफिसातून उठवून घरी नेलं. बायकोनं, ईश्वरीनं, पापड भाजला, पाणी ठेवलं. गोपनं न विचारता पापडावर मूठ मारून चुरा केला, घरचा माणूस करतो तसा.

आता या लेखराजची गंमत अशी की धंद्यात तो भलता कडक. नवं गिऱ्हाईक आलं की स्वतः उठून त्याच्या पत्त्यावर जायचा. नियम सांगतोच की दलालानं गिऱ्हाईक खरं आहे की नाही याची खात्री करून घ्यावी, पण बहुतेकांची खात्री कागदाच्या झेरॉक्सवर होते. लेखराजची व्हायची नाही. तो मोरबीला जायचा, राजकोटला जायचा, गोदामाचं कुलूप उघडायला लावायचा, शेजाऱ्याकडे चहा प्यायचा. एका कच्छी पटेलानं तर त्याला तोंडावर विचारलं होतं, "माल सोडवायचाय की मुलगी द्यायचीय?" असा हा माणूस गोपच्या पत्त्यावर गेला नाही. घरच्याच्या घरी काय बघायला जायचं? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मराठीत आहे म्हणून ती आपलीच, असं कुणी समजू नये. गांधीधामात ती रोज वापरात असते, फक्त शब्द वेगळे.

दोनदा माल सुरळीत सुटला. तिसऱ्या खेपेला कंटेनर उघडला तर पुढच्या रांगेत जुन्या स्वेटरांचे गठ्ठे आणि मागे छतापर्यंत, कागदांत कुठेच नसलेली, सुपारीची पोती. गोपचा फोन बंद. कस्टमची माणसं कुबेरनगरच्या पत्त्यावर पोचली तर तिथं ब्यूटी पार्लर. पार्लरवाली म्हणाली, "इथं भुवया कोरतात, कंटेनर नाही उघडत." हे वाक्य जसंच्या तसं पंचनाम्यात आलं, आणि आठवड्यात गावभर झालं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" टेकू गरजला. टेकू म्हणजे टेकचंद, ईश्वरीचा धाकटा भाऊ. टिंबर मार्केटात त्याचं प्लायवूडचं दुकान आहे, पण मुख्य उद्योग ओळखी काढणे. "जीजाजी, तुम्ही गप्प काय बसलात? ओरडा, रडा, कुणाला तरी शिव्या घाला!"

"कुणाला घालू?"

"गोपला घाला!"

लेखराजनं विचार करून पाहिला. "येत नाहीत," तो म्हणाला.

पहिली सुनावणी, नियमाप्रमाणे, ज्या मोठ्या साहेबांनी लायसन्स थांबवलं त्यांच्याचपुढे झाली. साहेब सभ्य होते, ऐकून घेतलं, आणि निलंबन कायम ठेवलं. चौकशीसाठी वेगळा अधिकारी नेमतो म्हणाले. लेखराज घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. ईश्वरी पानात वाढता वाढता त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं साईभाजीत दही घातलं, मग पाणी घातलं, आणि ते खाल्लं.

तो रोज वेळेवर ऑफिस उघडायचा. दिवा-अगरबत्ती करायचा, झूलेलालच्या फोटोचा हार बदलायचा, खुर्चीत बसायचा. करायला काही नसे. बंदरावरून धूळ येई आणि टेबलावर बसे. तो बोटानं रेघ ओढून बघे आणि पुसायचं विसरे. ऑफिसातली पोरं मोबाईल बघत बसत. ओळखीची माणसं सुरुवातीला येऊन जात, मग बाहेरूनच हात करत, मग तिकडून येईनाशी झाली. त्यानं कुणावर राग धरला नाही. राग धरायला जे काही लागतं, ते त्याच्याकडे उरलं नव्हतं.

थदडीचा सण आला. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या रात्रीचं गार अन्न खायचं. ईश्वरीनं गोड लोले आणि तिखट कोकी, अशा जाड पोळ्या करून ठेवल्या होत्या. लेखराज खाऊन उठला आणि म्हणाला, "चहा दे."

"अहो, आज थदडी."

"अच्छा," तो म्हणाला, "मला कळलं नाही."

"कसं कळणार?" ईश्वरी म्हणाली. "तुमची रोजच थदडी." म्हणाली ती थट्टेनं, पण आत जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिली.

मग एका रविवारी सकाळी टेकू दाल-पकवानाचा पुडा घेऊन आला, तो दारातूनच ओरडत. "जीजाजी, काम झालं! चौकशीला कोण नेमलंय माहीत आहे? खेमाणी! आपला माणूस! आणि पुढचं ऐका. उल्हासनगरला माझा साडू आहे, त्याच्या शेजारणीची बहीण खेमाणीच्या घरात दिलीय. तिच्याकडून काढलं. खेमाणीची आजी, आईची आई, कुठली असेल?"

लेखराज पुड्याची दोरी सोडत होता.

"भिरियाची!" टेकूनं पकवान मोडून त्याच्या तोंडात कोंबलं. "देव आहे की नाही?"

ईश्वरीनं पदर डोक्यावर घेऊन फोटोला हात जोडले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. "आता तरी हसा," ती नवऱ्याला म्हणाली. लेखराज पकवान चावत होता. कुरकुरीत आहे एवढं त्याला कळलं.

वकील होते दिलसुखभाई ठक्कर. अशा प्रकरणांत केस पिकलेला माणूस. त्यांनी आपल्या ऑफिसात लेखराजला समोर बसवून समजावलं. "लेखराजभाई, सगळी मदार एका गोष्टीवर. तुम्ही कुबेरनगरला गेला होता की नव्हता. पार्लरचा भाडेकरार मी काढलाय. माल आला त्यानंतरचा आहे. आधी तिथं कोण होतं, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. मग आपण सांगायचं, मी गेलो होतो. दुकान होतं, पाटी होती, गोप गल्ल्यावर बसला होता. पुढं तो पळाला, त्याला मी काय करणार?"

"पण मी गेलो नव्हतो."

"ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. तिसरा माहीत असणारा दुबईत असेल." ठक्कर खुर्चीत रेलले. "इतकी वर्षं प्रत्येकाच्या दारात जाऊन आलात. एका दारात गेला नाहीत. तेवढंच एक भरून काढायचं. यात खोटं किती आणि खरं किती, तुम्हीच सांगा. आणि खेमाणीसाहेब काही खोदत बसणार नाहीत."

लेखराज "बरं" म्हणाला. त्या दिवसांत त्याला कुणी काहीही सांगितलं तरी तो बरंच म्हणत असे.

खेमाणीसाहेब निघाले तरुण. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, टेबल स्वच्छ. कसलीही सलगी दाखवली नाही. नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर विचारून लिहून घेतलं. टेकूनं काय काय ओळखी लावल्या होत्या त्याचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. कदाचित त्या त्यांच्यापर्यंत पोचल्याही नसतील. मग टायपिस्ट कागद आणायला बाहेर गेला. ठक्कर फाईल चाळत होते. खेमाणींनी पाण्याचा ग्लास लेखराजपुढे सरकवला आणि हळू आवाजात, सिंधीत, अगदी घरातल्यासारखं म्हणाले, "चाचा, पाणी घ्या. तुम्ही भिरियाचे ना?"

बस्स. एवढंच. यात वाईट काही नव्हतं. समोर म्हातारा माणूस बसलाय, घाबरला असेल, म्हणून बोललेला एक चांगला शब्द. पण लेखराजनं ग्लासाला हात लावला नाही. भीती म्हणावी तर भीती, किळस म्हणावी तर किळस. कशाची ते त्याला नीट सांगता आलं नसतं. टायपिस्ट परत आला तसा लेखराज हिंदीत म्हणाला, "साहेब, माझी एक विनंती आहे. ही चौकशी तुम्ही करू नका."

ठक्करांच्या हातातली फाईल गळून पडली.

"का?" खेमाणींनी विचारलं.

"तुम्ही आमचे आहात."

"त्यानं काय होतं? मी नियमानंच..."

"कराल. मला माहीत आहे. पण मी सुटलो तर मलाच कधी कळणार नाही की का सुटलो."

खेमाणींचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "लेखी द्या." लेखराजनं तिथंच बसून अर्ज लिहिला. खेमाणींनी तो वरच्या साहेबांकडे पाठवला, खाली स्वतःची शिफारसही जोडली. माणूस सरळच होता.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. टेकू आधी हसला, त्याला वाटलं जीजाजी थट्टा करताहेत. खरं कळल्यावर तो सोफ्यावरून उठला आणि परत बसला. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पाहिलेत मी," तो म्हणाला, "पण धोंडा शोधत फिरणारा पहिल्यांदा पाहतोय. दीदी, या माणसाला डॉक्टरकडे ने. डोक्याच्या."

ईश्वरी ओरडली नाही. ती नवऱ्यासमोर जमिनीवर बसली. "मला एक सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला लायसन्स परत हवंय ना?"

"हवंय."

"मग?"

त्यानं खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. ती वाट पाहून उठली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, आणि तेही त्याला उशिराच लक्षात आलं.

नवा अधिकारी नेमायला वेळ लागला. निलंबन अर्थातच चालू राहिलं. दिवाळी गेली, थंडी आली. ऑफिसातला जुना कारकून एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आला; दुसऱ्या दलालाकडे लागला होता. लेखराजनं बर्फी खाल्ली, त्याला आशीर्वाद दिला, त्याच्या खुर्चीवरची उशी त्याला घेऊन जा म्हणाला. बाकीची पोरंही एकेक करून गेली. शेवटी ऑफिसात तो आणि फोटोतला झूलेलाल राहिले.

मग नेमणूक झाली. लालनुनमावी नावाच्या बाई, मिझोरमच्या. बंदरावर नव्यानेच बदलून आलेल्या. इतक्या महिन्यांनी टेकूचा जीव पुन्हा कामाला लागला. "नावात लाल आहे!" तो म्हणाला. "आयो लाल, झूलेलाल! आपलीच आहे!" हे त्यानं दोन-तीन दिवस सगळ्यांना ऐकवलं आणि मग गंभीर होऊन ऐजॉलमध्ये एखादा सिंधी दुकानदार सापडतो का ते शोधायला लागला. लंडनला सापडले, लागोसला सापडले, ऐजॉलमध्ये एकही नाही. देशात एखाद्या गावी सिंधी नाही ही गोष्ट त्याला देशाच्या दृष्टीनं चिंतेची वाटली. "या बाईची ओळख काढायची तरी कशी?" तो हताश होऊन म्हणाला. "हिला मासे आवडतात की डुकराचं मटण, एवढं पण कुणाला माहीत नाही."

ठक्कर मात्र निश्चिंत होते. "परक्या आहेत ते बरंच. गावात काय बोलतात ते त्यांच्या कानावर नाही. कागद बघतील. कागद आपल्या बाजूचे. तुम्ही फक्त ठरलंय ते बोला. गेलो होतो, दुकान होतं, गोप गल्ल्यावर होता. तीन वाक्यं. म्हणून दाखवा."

लेखराजनं म्हणून दाखवली. शाळेत पाढा म्हणतात तशी.

बाई पन्नाशीच्या असतील. केस मानेपर्यंत कापलेले, खांद्यावर शाल. हिंदी जपून बोलत, प्रत्येक शब्द आधी मनात तपासून बघितल्यासारखं. हसल्या नाहीत आणि आठ्याही घातल्या नाहीत. सगळी फाईल वाचून आल्या होत्या हे दिसत होतं. हवा तो कागद न शोधता सापडत होता. लेखराजनं खूप दिवसांत पहिल्यांदा एखाद्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथं त्याला आपल्याबद्दल काहीच सापडेना. दया नाही, राग नाही, संशय नाही.

ठक्करांनी बाजू मांडली आणि ती उत्तम मांडली. माझे अशील प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर स्वतः जातात, हे अख्ख्या बंदराला माहीत आहे. मोरबीचे अमुक, राजकोटचे तमुक, सगळ्यांची पत्रं जोडली आहेत. असा माणूस फक्त याच पत्त्यावर गेला नसेल असं कसं मानायचं?

बाईंनी ती पत्रं एकेक करून पाहिली. एकावर थोड्या थांबल्याही. मग पेन खाली ठेवून लेखराजकडे वळल्या.

"तुम्ही कुबेरनगरला गेला होता?"

तीन वाक्यं त्याच्या जिभेवर होती. पहिलं वाक्य ओठापर्यंत आलं. आणि बाई थांबल्या होत्या. घड्याळाकडे बघत नव्हत्या, टायपिस्टाकडे बघत नव्हत्या. त्यांना उत्तर माहीत नव्हतं आणि ते हवं होतं. लेखराजच्या लक्षात आलं की या सगळ्या महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. टेकूला माहीत होतं तो निर्दोष आहे. ठक्करांना माहीत होतं काय बोलायचं. ईश्वरीला माहीत होतं तो भोळा आहे. सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं.

"नाही," तो म्हणाला.

ठक्करांचा पाय टेबलाखाली त्याच्या पायावर पडला.

"मॅडम, माझे अशील वयस्कर आहेत, ऐकण्यात..."

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या. आवाज न चढवता. "का गेला नाहीत?"

"तो आमच्या गावचा होता. माझे वडील ज्या गावचे, त्या गावचा. खोटं बोलला नव्हता तो. गावचाच होता." लेखराज थांबला. आपलाच आवाज त्याला ऑफिसातल्या पंख्यासारखा लांबून येत होता, तो जवळ यायला लागला. "मला वाटलं, त्याचं काय तपासायचं?"

टायपिस्टाची बोटं चालली. बाईंनी ती थांबेपर्यंत वाट पाहिली.

"हाच माल, हेच कागद," त्या म्हणाल्या, "घेऊन दुसरा कुणी आला असता. समजा, माझ्यासारखा कुणी. मिझोरमचा. तर त्याच्या पत्त्यावर गेला असता?"

ठक्करांनी डोळे मिटून घेतले. खोलीतला पंखा बंद होता, थंडीचे दिवस होते. बाहेर ट्रक मागे घेताना वाजतो तसा भोंगा वाजत होता.

लेखराजला तो माणूस डोळ्यांपुढे दिसला. ठेंगणा, पोरगेलसा, ऑफिसच्या दारात चपला काढून उभा. आपण त्याला आत बोलावलं नसतं. पाणी विचारलं असतं, पापड नाही. त्याचे कागद दोनदा उलटेपालटे केले असते, पोरांकडे बघून डोळा मारला असता, आणि मग रेल्वेचं तिकीट काढून त्याच्या गावापर्यंत गेलो असतो. तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं असतं, हा माणूस चोर तर नाही ना? आणि आज तशाच कुणाच्या समोर आपण बसलोय, आणि तिनं आपले कागद एकदाच, नीट, पाहिलेत.

त्याला लाज वाटली. आतून, पोटातून, कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ बाकीचं सगळं आलं, एखाद्या बंद घरात पाणी शिरावं तसं: ऑफिसातली रिकामी खुर्ची, ईश्वरीचं जमिनीवर बसणं, बापाचं नाव.

"गेलो असतो," तो म्हणाला. "नक्की गेलो असतो."

"म्हणजे नियम तुम्हाला ठाऊक होता."

"होता."

"आणि तुम्ही तो पाळतही होता."

"परक्यांसाठी," लेखराज म्हणाला.

बाईंनी मान हलवली. समजल्याची, बाकी कशाचीच नाही. त्यांनी जबाब टाईप करून घेतला, पान काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि टायपिस्टाला तो मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं. टायपिस्टानं वाचला. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. "यात काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा," बाई म्हणाल्या. "नंतर बदलता येणार नाही. वेळ हवा असेल तर घ्या."

ठक्कर त्याच्या कानाशी वाकले. "लेखराजभाई, तब्येत बरी नाही म्हणा. तारीख मागतो. अजून गेलेलं नाही लायसन्स. ऐका माझं."

लेखराजला ते ऐकू आलं, आणि मोहही झाला. इतका झाला की त्यानं टेबलाची कड धरली. त्याला लायसन्स हवं होतं. किती हवं होतं ते त्याला आत्ता, या खुर्चीवर, कळत होतं.

"बदल नाही," तो म्हणाला आणि त्यानं पेन मागितलं.

सही करताना वरंदाणीतला "व" पानाबाहेर गेला, खालची रेघ मध्येच तुटली. टायपिस्टानं कागद उचलला, फाईलमधला लायसन्सचा कागद त्याच्याशेजारी धरला, एकदा हे पाहिलं, एकदा ते. पोरगा नियमाचा पक्का होता.

"साहेब, सही जुळत नाही," तो म्हणाला. "खाली परत करा. लायसन्सवर आहे तशी."

लेखराजनं डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि लायसन्सवर होती तशी सही केली.